नवख्यांचा गट: डिसेंबर ते मार्च, ट्रॅकवरची नोंदवही

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ट्रॅकवर नऊ नवे लोक आले. डिसेंबर उजाडेपर्यंत त्यातले दोघे उरले. सोलापुरात आरसी गाड्या (रिमोटवर चालणाऱ्या छोट्या शर्यतीच्या गाड्या) नियमित पळवणारे आम्ही मोजून अकरा जण. नवे टिकले नाहीत तर दोन वर्षांत ट्रॅकवर बाभळी उगवतील. म्हणून या मोसमात स्वतःच्या गाडीचं सगळं काम बाजूला ठेवलं आणि एकच गोष्ट हातात घेतली, नवख्यांसाठी वेगळा गट. चार महिन्यांत काय केलं, काय फसलं, काय जमलं, ते इथं लिहितोय.

आधी जागा सांगतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका बंद शेडमागची मोकळी जागा आहे. मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवलाय. ट्रॅकच्या कडेला 16 एमएमची ठिबकची नळी, तारेच्या हुकांनी जमिनीला खिळवलेली. गाडी नळीवर चढली तरी मोडत नाही, हा तिचा मोठा गुण.

डिसेंबर, पहिला आठवडा

गेलेल्या सातही जणांना फोन लावले. मला वाटलं होतं, हरून कंटाळले असतील. हरण्याबद्दल एकानंही तक्रार केली नाही. दोघांच्या गाडीचा पुढचा आर्म (चाकाला धरणारा दांडा) पहिल्याच दिवशी तुटला आणि पार्ट यायला महिना लागला. तिघं म्हणाले, वळणावर मागून कुणीतरी ठोकतं आणि निघून जातं. एकाची बॅटरी फुगली. सातवे एक शाळेतले सर. ते म्हणाले, "दोन तास उभं राहायचं आणि पाच मिनिटं गाडी चालवायची, तीही निम्मा वेळ उलटी. घरी सांगू तरी काय?"

हे ऐकून मी गप्प झालो. यातली एकही अडचण त्या माणसाच्या हाताची नव्हती. सगळ्या आमच्या व्यवस्थेच्या होत्या.

डिसेंबर, दुसरा आठवडा: वेग

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. दिवसभर यंत्रमागाच्या मोटारी उघडतो, त्यामुळे टर्नचा हिशोब मला हातानं कळतो. मोटारीच्या आतल्या लोखंडी दातावर तारेचे फेरे (टर्न) कमी घातले की मोटार जोरात फिरते आणि करंट जास्त ओढते. फेरे वाढवले की वेग उतरतो, मोटार थंड राहते. आपल्या ब्रशलेस मोटारींवर 13.5, 17.5, 21.5 असे आकडे असतात, तेही फेऱ्यांचेच. अर्धा फेरा कुठून येतो असं नवे लोक हमखास विचारतात. तार एका तोंडानं आत जाते आणि दुसऱ्या तोंडानं बाहेर पडते, म्हणून शेवटचा फेरा अर्धाच राहतो.

नवख्यांच्या गटात 1:10 च्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढ्या) गाडीला 21.5 पेक्षा कमी टर्नची मोटार चालणार नाही, आणि ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारं सर्किट) ब्लिंकीवर हवा, म्हणजे वेग वाढवणारं टायमिंग शून्य. ब्लिंकीचा फायदा असा की दिवा लुकलुकतो, तो लांबूनही दिसतो. गाडी उघडून तपासायला नको आणि संशयालाही जागा नको. आमच्याकडच्या बहुतेक नव्यांकडे मात्र डब्ल्यूएलटॉयजची 144001 आहे. 1:14 ची फोर व्हील बग्गी, ब्रशची 550 मोटार, 2एस म्हणजे दोन सेलची बॅटरी. तिला एकच नियम: डब्यातून आली तशीच पळवायची, मोटार बदलायची नाही.

पण ती डब्यातून येते तशीही नवशिक्याला फार जोरात आहे. कंपनी ताशी 60 किलोमीटर सांगते. आमची सरळ पट्टी जेमतेम 22 मीटर, तिथं निम्मा वेगही जास्त होतो. महागड्या रिमोटवर थ्रॉटलची मर्यादा ठरवता येते, या रिमोटवर येत नाही. त्यावर उपाय निघाला तो शाळेच्या दप्तरातून. खोडरबराचा अर्धा तुकडा कापून ट्रिगरच्या मागच्या फटीत चिकटवला, की बोट कितीही ओढलं तरी ट्रिगर अर्ध्यावर अडतं. हात बसला की रबर थोडं थोडं कापत जायचं. आता प्रत्येकाच्या रबराची जाडी वहीत लिहिलेली असते आणि पोरं एकमेकांना विचारतात, "तुझं किती राहिलं बे?"

डिसेंबर, तिसरा आठवडा: जुन्यांशी वाद

नियम असा मांडला की ज्यानं मोठ्या गटात एक मोसम काढलाय त्यानं नवख्यांच्या गटात गाडी लावायची नाही. आमच्यातले एक जुने भाऊ चिडले. "माझी गाडी पण स्टॉकच आहे की! नियमात बसते, मग मी का नको?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गाडी नियमात बसत होती, पण हात बसत नव्हता. दहा वर्षं सराव झालेला माणूस त्याच गाडीनं प्रत्येक लॅपला चार सेकंद वाचवतो. नव्याला वाटतं आपल्या गाडीत खोट आहे, आणि तो नवी मोटार विकत घ्यायला धावतो. असे पैसे घालवून गेलेली दोन माणसं मी पाहिलीत.

तासभर बोलणं झालं. शेवटी भाऊंनाच त्या गटाचं मार्शलपण दिलं. आज त्यांच्याइतका चांगला मार्शल आमच्याकडे दुसरा नाही. गाडी उलटली की नव्या माणसाचा जीव वरखाली होतो. भाऊ शांतपणे चालत जातात, मागून येणाऱ्या गाड्या जाऊ देतात, मग गाडी सरळ करून मोकळ्या रस्त्याकडे तोंड करून ठेवतात आणि ओरडतात, "चल!" तेवढ्या एका शब्दानं पोराच्या खांद्यावरचा ताण उतरतो.

सोबत आणखी एक नियम केला. सलग तीन रविवार जिंकणाऱ्यानं वरच्या गटात जायचं. नाहीतर नवख्यांच्या गटातही एखादा राजा तयार होतो आणि तिथंच बसून राहतो.

जानेवारी

गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे, दोन रविवार ट्रॅक बंद. यात्रेत सगळं गाव होम मैदानावर असतं, तिथं आमची गाडी कोण बघणार? आमच्या दोन नव्यांपैकी एक पोरगा नंदीध्वजाच्या (यात्रेत मिरवायच्या उंच काठीच्या) सरावाला होता, तो तर डिसेंबरच्या शेवटापासूनच येत नव्हता. त्याला मोसमाच्या हिशोबात गैरहजर धरायचं नाही असं ठरवलं. गुण मोजताना आठपैकी कुठलेही पाच रविवार धरतो. परीक्षा, लग्नं, यात्रा हे माणसाला असणारच.

यात्रेनंतरच्या पहिल्या रविवारी सुरुवात बदलली. बग्गीची चाकं उघडी असतात. सगळ्या गाड्या एकदम सोडल्या की पहिल्या वळणावर एकीचं चाक दुसरीच्या चाकावर चढतं आणि गाडी हवेत जाते. अमेरिकेतल्या ट्रॅकवर नव्यांना ट्रॅक्ससच्या स्लॅशसारखा शॉर्ट कोर्स ट्रक देतात त्याचं एक कारण हेच. 2008 साली आलेल्या त्या ट्रकच्या बॉडीनं आणि बंपरनं चाकं झाकलेली असतात, धक्का लागला तरी गाडी पुढे जाते. आमच्याकडे सगळ्यांना ट्रक घ्यायला लावणं शक्य नाही. म्हणून क्वालिफायिंगमध्ये (मुख्य शर्यतीआधीच्या पात्रता फेरीत) करतात तसं केलं: गाड्या दोन-दोन सेकंदांच्या अंतरानं एकेक सोडायच्या, आणि प्रत्येकाचं घड्याळ त्याच्या गाडीनं रेघ ओलांडली की सुरू.

ट्रान्सपाँडर (गाडीत बसवून लॅप आपोआप मोजणारं यंत्र) घ्यायला पैसे नाहीत. मग प्रत्येक गाडीमागे लॅप मोजायला एक माणूस लागला. पोरांना सोडायला आलेले आईवडील आधी गाडीत बसून मोबाइल बघायचे, त्यांच्या हातात स्टॉपवॉच दिलं. हे न ठरवता जमून आलेलं सगळ्यात मोठं काम. आता आयाच हट्टानं येतात.

पाच मिनिटांची एक हीट (शर्यतीची फेरी) होती, तिच्याऐवजी तीन मिनिटांच्या चार केल्या. सर परत आले. म्हणाले, "आता घरी सांगायला काहीतरी आहे."

फेब्रुवारी: उलटं डावं-उजवं

आठवीतली एक मुलगी, मामाबरोबर आलेली. गाडी लांब जाताना छान चालवायची, आपल्याकडे वळली की थेट नळीत. गाडी समोरून येत असली की तिचं डावं ते आपलं उजवं, हे आपण जुने विसरूनच गेलोय. मी तिला तोंडी चार वेळा समजावलं. ती मान हलवायची आणि पुन्हा नळीत जायची. पाचव्या वेळी तिचे डोळे भरून आले.

मग दोघं ट्रॅकवर उतरलो. तिला म्हटलं, "गाडी जाईल तिच्या मागनं चाल." रिमोट तिच्या हातात, खोडरबर जाड, गाडी माणसाच्या चालीनं, आणि ही तिच्या मागे मागे. वळणावर गाडी वळली की हीपण वळायची, त्यामुळे डावं ते डावंच राहायचं. तीन लॅप चालून झाल्यावर तिला म्हटलं, आता पाय इथंच ठेव आणि नुसती मनानं मागनं चाल. चौथ्या लॅपला गाडी तिच्याकडे तोंड करून आली, ती किंचित खांद्यातून वळली, आणि गाडी नळीला न शिवता गेली. "काका, गेली!" एवढंच म्हणाली. तेव्हापासून प्रत्येक नव्या माणसाची पहिली बॅटरी आम्ही गाडीमागे चालण्यातच संपवतो.

उभं राहायची जागाही उंच केली. एकाचा छोटा हत्ती आहे, तो ट्रॅकच्या कडेला लावतो आणि हौद्यात उभे राहतो. दोन-अडीच फूट उंचीनं पलीकडची पट्टी सरळ दिसायला लागते.

तिच्या वेळा वहीतून देतो. पहिल्या रविवारी सर्वात चांगला लॅप 19.4 सेकंद, सरासरी 31. मार्चच्या शेवटी चांगला लॅप 18.6, सरासरी 21.2. चांगला लॅप सेकंदभरही सुधारला नाही, सरासरी मात्र दहा सेकंदांनी उतरली. तीन मिनिटांत पाच लॅप व्हायचे, ते आठ झाले. यावरून एक बक्षीस सुरू केलं: ज्याच्या चांगल्या लॅपमध्ये आणि सरासरीत सर्वात कमी फरक, त्याला शेंगा चटणीचा पुडा. शेवटून दुसरा येणाराही हा पुडा घेऊन जातो.

फेब्रुवारीतली एक चूक

वेगाच्या वळणावर धक्के झेलायला कारखान्यातून बाद झालेले टॉवेल आणून गुंडाळ्या लावल्या होत्या. सोलापुरात टॉवेलला काय तोटा! पण टेरीचे फासे चाकात अडकले, सूत अ‍ॅक्सलवर गुंडाळत गेलं, आणि एका दिवसात तीन गाड्यांची बेअरिंगं जाम झाली. पिन लावून सूत काढताना दोन बेअरिंगांची सीलंही फाटली. आता सुताचा भंगार पोत्यात भरून, तोंड शिवून ठेवतो. मऊपणा तोच, धागा बाहेर येत नाही.

मार्च: पार्टचा डबा आणि बॅटरीचं टेबल

आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. त्यामुळे पार्ट महाग, आणि सगळे दुकानदार माल भरून ठेवत नाहीत. एकेकट्यानं मागवलं की महिना जातो. आम्ही वर्गणी काढून 144001 चे पुढचे आर्म, डॉगबोन (चाक फिरवणारा दांडा), स्पर गियर एकत्र मागवले. तुटलं तर डब्यातून घ्यायचं, किंमत वहीत लिहायची, पुढच्या ऑर्डरला भरायची. बसवताना जुना एक जण शेजारी बसतो. पिनियन (मोटारीवरचं छोटं गियर) आणि स्परच्या (त्याला जोडलेल्या मोठ्या गियरच्या) मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटार दाबायची, स्क्रू आवळायचे, पट्टी फिरवून काढायची. दातांत हवी तेवढी फट राहते. हे एकदा हातानं केलं की पुढच्या वेळी विचारावं लागत नाही.

बॅटरीच्या बाबतीत मी कडक आहे. चार्जिंग एकाच टेबलावर, शेजारी वाळूची बादली, कुणीतरी समोर बसलेलं. 1500 एमएएचच्या बॅटरीला 1.5 अँपिअर, त्याच्या वर नाही. 2एसला 8.4 व्होल्ट म्हणजे पूर्ण. घरी नेताना 7.6 च्या आसपास आणून न्यायची. उन्हात बंद गाडीच्या डिकीत तर अजिबात ठेवायची नाही, आपल्याकडचं ऊन सगळ्यांना माहीत आहे. ज्याची बॅटरी फुगली होती त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तो परत आला आणि आता टेबल तोच सांभाळतो.

ठोकण्याचा नियम एका ओळीचा: तुझ्यामुळे पुढची गाडी उलटली तर ती सरळ होऊन निघेपर्यंत तू थांबायचं. पहिले दोन रविवार आरडाओरडा झाला. आता कुणी न सांगता थांबतात.

मार्चचा शेवटचा रविवार

नवख्यांच्या गटात नऊ गाड्या. गेलेल्या सातांपैकी चौघे परतले, डिसेंबरचे दोघे आहेतच, तीन पूर्ण नवे. नंदीध्वजवाला पोरगा सलग तिसऱ्यांदा जिंकला, म्हणून वरच्या गटात गेला. त्याच्या रिमोटमधलं उरलेलं खोडरबर त्यानं काढून माझ्या हातात दिलं. नखाएवढं राहिलं होतं.

एप्रिलपासून सकाळी सहाला सुरू आणि साडेआठला बंद, त्यानंतर मोटारीपण तापतात आणि माणसंही. वरच्या गटात नव्यानं गेलेल्यांची पहिली हीट वेगळी ठेवायची का, यावर जुन्यांचं एकमत व्हायचंय. माझं मत ठेवावी असं आहे. येत्या रविवारी भाऊंशी बोलून ठरवतो आणि वहीत लिहितो.