तुम्ही विचारलंत म्हणून: पंप घेऊनही आकडा का हलत नाही?

फुंकायच्या टेस्टचा रिपोर्ट हातात पडला की पेशंट हमखास विचारतात, "ताई, औषधानं फरक नाही असं आलंय. म्हणजे मला दमाच नाही, की पंपाचा उपयोग नाही?" स्पायरोमेट्रीच्या मशीनवर मी बसते, त्यामुळे डॉक्टरांच्या आधी मलाच.

दोन्हीतलं काहीही त्यावरून ठरत नाही. आधी तुम्ही फुंकता, मग स्पेसरमधून (पंपाला जोडायची नळी) साल्ब्युटामॉलचे, म्हणजे श्वास मोकळा करणाऱ्या पंपातल्या औषधाचे, चार पफ, म्हणजे 400 मायक्रोग्रॅम, आणि पंधरा मिनिटांनी परत फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 12 टक्क्यांनी आणि शिवाय 200 मिलिलिटरनं वाढली, तर मोठ्या माणसांत 'फरक पडला' असं धरतात. 2021 मध्ये निकष बदललाय, पण जुना अजून चालतो.

हे औषध श्वासनळ्यांभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतं. त्या दिवशी तो आवळलेलाच नसेल तर सैल काय होणार? एक काका एसटीत त्रास नको म्हणून निघतानाच पंप घेऊन आले. 2.90 लिटरचे 3.02 झाले, चार टक्के. टेस्टआधी चार ते सहा तास पंप घेऊ नका म्हणतो ते यासाठीच. (दम लागला तर मात्र खुशाल घ्या, टेस्ट पुढं ढकलू.) त्याच सकाळी एक बाई धापा टाकत आल्या. 1.50 वरून 1.86, म्हणजे 24 टक्के. हात थरथरायला लागले म्हणून घाबरल्या. तो औषधाचाच परिणाम, थोड्या वेळानं उतरतो.

आतून सूज आणि चिकट कफ असेल तर नुसता स्नायू सैल करून भागत नाही. सूज उतरवतं ते ओढायचं स्टेरॉइड, आणि त्याला आठवडे लागतात. मोठ्यांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, असं 'जिना' (GINA) या संस्थेच्या दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शिकेत 2019 पासून आहे. पण पाच मिनिटांत मोकळं वाटतं ना, मग रोजचं औषध मागं पडतं.

आणि टेस्टला येताना स्वतःचा पंप आणा. माझ्यासमोर घेऊन दाखवा. दाबणं आधी, ओढणं नंतर असं झालं की औषध जिभेवरच बसतं.