तुम्ही विचारलंत म्हणून: नवव्या महिन्यात झोपेचं काय केलं?

शेजारपाजारच्या सुना, ऑफिसातल्या पोरी, परवा तर एका लग्नात ताटावर बसलेली एक अनोळखी बाई पण, सगळ्या हेच विचारतात, की ताई तुम्हाला शेवटच्या महिन्यांत झोप यायची का आणि नसेल येत तर काय केलं. तर नाही यायची. आणि उपाय एकच नाही, कारण झोप न येणं ही एकच तक्रार नाही हो, आधी बघावं लागतं की तुम्हाला नक्की कोण उठवतंय. लघवी उठवते, का छातीतली जळजळ, का पोटरीत आलेला गोळा, का डोक्यातले विचार. डॉक्टरला नुसतं "झोप नाही" सांगितलं तर ते म्हणणार शेवटच्या महिन्यांत असं होतंच, घरी जा. पण कशाने जाग येते ते सांगितलं तर प्रत्येकावर काहीतरी निघतं.

माझे दिवस भरत आले ते ऐन वैशाखात, म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्यात पारा 45 च्या आसपास आणि मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली. घर भरलेलं, सगळे रात्री गच्चीवर झोपायचे, मला जिना बंद. कूलर होता पण लाईट गेली की कूलरची पण सुट्टी. मग ओट्यावर माझी बाज टाकली, वारा मस्त, पण बाज मधे खोल जाते आणि त्या पोटाने त्यातून उठणं म्हणजे दोन माणसांचं काम. शेवटी आईने लाकडी दिवाण बाहेर काढायला लावला. उठायचं कसं ते पण सांगते, सरळ उताणं उठायला जायचंच नाही, कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताने रेटून बसायचं. संडास-बाथरूम मागच्या अंगणात, म्हणून तिकडचा बल्ब रात्रभर चालू आणि उशाशी बॅटरी. बिलाची चिंता आबांनी करायची.

लघवीचं लोक म्हणतात पाणी कमी पी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा सल्ला म्हणजे वेडेपणा आहे. पाणी दिवसभर भरपूर प्यायचं आणि झोपायच्या तासदोन तास आधी हात आखडता घ्यायचा. अजून एक, दिवसभर पायावर सूज असते ना, ते पाणी आडवं झालं की परत रक्तात येतं आणि मग रात्री फेऱ्या वाढतात, म्हणून दुपारी आणि संध्याकाळी पाय उंच करून थोडं पडायचं. याने मला खरंच फरक पडला.

जळजळीचं तर विचारूच नका. गरोदरपणात हार्मोनमुळे जठराच्या तोंडाची झडप सैल पडते, शिवाय गर्भाशय जठर वर ढकलतं, आणि आमच्याकडे रात्री साडेनऊला हिरव्या मिरचीचं भरीत नाहीतर तर्रीवाली शेवभाजी. मी सात-साडेसातला जेवून घ्यायची, साधी खिचडी किंवा भाकरी-दूध, आणि उशीकडची बाजू उंच करायची. सगळे शेवभाजी ओरपत असताना बघत बसायचं, ही शिक्षा वेगळी. खायचा सोडा पाण्यात टाकून पिऊ नका, त्यात सोडियम असतं, डॉक्टरकडून चालणारं औषध लिहून घ्या.

कुशीचं टेन्शन सगळ्यांना असतं. 28 आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपायचं, कारण उताणं झोपलं की गर्भाशयाचं वजन मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतं. डावीच पाहिजे असं नाही, उजवी पण चालते. झोपेत उताण्या झालात तर घाबरून बसू नका, जाग आली की परत वळायचं. गुडघ्यांमधे आणि पोटाखाली उशी घ्या म्हणतात, मी आजीचं जुनं लुगडं गुंडाळून घ्यायची, गोधडीने उकडतं. पोटरीत गोळा आला की पाय सरळ करून पायाची बोटं स्वतःकडे ओढायची, ओरडायचं असेल तर ओरडा.

आणि पाय नुसते वळवळत असतील, हलवल्याशिवाय चैनच नाही असं होत असेल तर ते अंगावर काढू नका, बऱ्याचदा लोह कमी असतं. हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे गरोदरपणात रक्त कमीच धरतात. सरकारी लोहाची गोळी मिळते ती कॅल्शियमच्या गोळीसोबत घ्यायची नाही, चहावर तर अजिबात नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते, तिथे विचारा, आशाताईला सोबत न्या.

काही गोष्टींना मात्र सकाळची वाट बघायची नाही. बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रात्रीच गाडी काढायला लावा, कुणाची झोपमोड होईल याचा विचार करू नका. रात्री तळहात-तळपाय खाजतात आणि वर पुरळ काहीच नाही, हे पण दुसऱ्याच दिवशी दाखवायचं, ते लिव्हरचं असू शकतं.

उरलं डोक्यातल्या विचारांचं. आजी पहाटे उठली की विचारायची, "झोप उनी का व माय?" आणि नाही म्हटलं की उपदेश न करता शेजारी येऊन बसायची, गावातल्या कुणाकुणाच्या गोष्टी सांगत. तेवढ्यात कधीतरी डोळा लागायचा. बाकी सगळे सांगायचे आत्ताच झोपून घे, नंतर मिळणार नाही, जसं काही झोप डब्यात भरून ठेवता येते. पडून तळमळण्यापेक्षा मी उठून बसायची, आणि दुपारी जेवल्यावर थोडी झोप काढायची, लाज न बाळगता. पण रोज रडू येत असेल, धास्ती जातच नसेल तर घरात नाहीतर डॉक्टरला बोला, 14416 हा टेलीमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर रात्री पण चालू असतो. झोपेची गोळी मनाने नाही घ्यायची, आयुर्वेदिक लिहिलेली पण नाही.

डिलिव्हरीनंतर झोप लागते का, हे पण विचारतात. नाही, तेव्हा बाळ उठवतं. जळजळ मात्र लगेच गेली, पण शेवभाजी आईने सव्वा महिना दिली नाही ती नाहीच.