बोर्डाची वही, भाग ३: पांढरी पाच गातंय कोण?

मागच्या नोंदीपर्यंत माझा बास गिटारचा पेडलबोर्ड म्हणजे नुसती फळी होती आणि पेडल्स (आवाज बदलणारे, पायाने दाबायचे डबे) पलंगाखाली खोक्यात. आता सगळं जागेवर बसलंय आणि वाजतंयसुद्धा. मधले सात आठवडे मात्र एका सुराच्या मागे गेले, आणि तो सूर मी वाजवत नव्हतो.

आधी फळीचं उरकतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून बारा मिलीचा प्लाय आणला, दोन फूट बाय एक फूट. आधी अठरा मिलीचा घेणार होतो, पण उचलून पाहिला आणि मुकाट्याने परत ठेवला. तीन पट्ट्या कापून मध्ये दोन-दोन बोटांची फट ठेवली, म्हणजे वायरी खाली उतरतात. मागच्या बाजूला लाकडी ठोकळे देऊन उतार केला आणि वरून काळ्या ऑइलपेंटचे दोन हात मारले.

वेल्क्रो लावलेलं नाही. माझं बॉस कंपनीचं ओसी-२ (खालचा सप्तक काढणारं ऑक्टेव्ह पेडल) जुनं आहे, त्याच्या बुडाचं लेबल शाबूत आहे आणि ते शाबूतच राहावं अशी माझी इच्छा आहे. (त्या लेबलाने पुढे काय घोळ घातला ते येतंच आहे.) त्याऐवजी सायकलवाल्याकडून टाकाऊ चेन आणली, कड्या सुट्या केल्या आणि पेडलच्या बुडाच्या कोपऱ्यातले स्क्रू काढून त्यांच्याच खाली कड्यांचं एक एक टोक दाबलं. दुसरं टोक लाकडाच्या स्क्रूने फळीत. पेडल हलत नाही, आणि काढलं तर अंगावर ओरखडाही नाही. फक्त चेन रॉकेलमध्ये नीट धुऊन घ्या. मी घाई केली आणि चादरीवर ग्रीस लागलं, त्याबद्दल घरात अजून ऐकतोय.

क्रम असा आहे: बासमधून ट्यूनर, मग ओसी-२, कॉम्प्रेसर (लहानमोठे ठोके सारखे करणारा), बॉसचं ओडीबी-३ (आवाज फाडणारं ओव्हरड्राइव्ह), डिजिटल डिले (प्रतिध्वनीसाठी) आणि शेवटी टेक २१चं सॅन्सॲम्प बास ड्रायव्हर डीआय (बासचा आवाज घडवून थेट मिक्सरला देणारं). कॉम्प्रेसर आधी की ऑक्टेव्ह आधी, यावर माणसं भांडतात. मी ऑक्टेव्ह आधी ठेवलं. ओसी-२ ॲनालॉग आहे. आलेल्या सुराची कंपनं अर्धी करून ते खालचा सप्तक काढतं, आणि त्याला एका वेळी एकच स्वर कळतो. तारेचा मूळ ठोका जितका स्वच्छ मिळेल तितकं ते कमी अडखळतं. तरी ई तारेवर अगदी खाली गेलं की घशात घास अडकल्यासारखं करतंच. ओडीबी-३मधला बॅलन्सचा नॉब मला गेनपेक्षा (आवाज किती फाडायचा ते ठरवणाऱ्या नॉबपेक्षा) महत्त्वाचा वाटतो. मूळ स्वच्छ आवाज त्यात मिसळता येतो, नाहीतर बासचा बुडखाच नाहीसा होतो.

आता विजेकडे येतो.

सुरुवातीला एकच जुना, जड ॲडॅप्टर आणि त्याला पाच तोंडांची माळ. ॲडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेलं, मोकळा मोजला तर मीटरवर १३. आत रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) नाही म्हटल्यावर असंच होणार. पेडल्स लावली, ॲम्प सुरू केला, आणि खोलीत एक गुणगुण. शिवाय डिले लावला की वर एक बारीक शिट्टी.

शिट्टीचं कारण लगेच कळलं. डिजिटल पेडलच्या आतल्या घड्याळाचा कचरा त्या माळेच्या सामायिक मायनसवरून बाकीच्यांच्या अंगावर येतो. डिलेला वेगळा ॲडॅप्टर दिला, शिट्टी गेली. गुणगुण मात्र तशीच.

एका रात्री सरावाला बसलो होतो. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी धरला आणि सोडलाच नाही. आवाज लाटेसारखा येऊ लागला, सेकंदाला एक. तानपुरा लावताना जोडीच्या दोन तारा जवळजवळ मिळाल्या की जशी लाट उठते, अगदी तशी. मोकळी जी तार छेडली, तर लाट दुप्पट वेगाने. एफवर आणि एवर असं काही नाही.

कागद-पेन्सिल घेतली. तो खालचा जी ४९ हर्ट्झचा, मोकळ्या तारेचा ९८ हर्ट्झचा. आपल्या भिंतीतली वीज ५० हर्ट्झची, आणि ती ॲडॅप्टरमध्ये सरळ केली की उरलेला थरथराट १०० हर्ट्झचा. म्हणजे एकीकडे एका हर्ट्झचा फरक, दुसरीकडे दोनचा. जितका फरक, तितक्या लाटा.

खात्री करायला ट्यूनर उचलून साखळीच्या शेवटी नेला, ओडीबीचा गेन पूर्ण उघडला आणि तारा तळहाताने दाबून धरल्या. ट्यूनरने जी दाखवला, साधारण पस्तीस सेंट चढा (शेजारच्या दोन स्वरांत शंभर सेंट). पेटीवाल्याच्या भाषेत पांढरी पाच, थोडी वर लागलेली. महाराष्ट्रभर सगळ्यांच्या ॲम्पमध्ये हा एकच सूर लागतो हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. ग्रिड ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राखतात, त्यामुळे तो फार हलतही नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणजे तिकडच्या बासवाल्याला हा त्रास बी फ्लॅट आणि बीच्या मध्ये कुठेतरी होतो. आपल्या बँडची निम्मी गाणी जीमध्ये आहेत, हे नशीब.

मग गुणगुण येते कुठून? आधी बासवरच संशय घेतला, कारण माझा जॅझ बास आहे, दोन सिंगल कॉइल पिकअपवाला (पिकअप म्हणजे तारांची कंपनं टिपणारं चुंबक आणि वेटोळं). दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असले की एकमेकांची गुणगुण खातात. एकाचा आवाज कमी केला की बोंब. दोन्ही उघडे ठेवले, आवाज किंचित घटला, गेला नाही. मग प्रत्येक पेडलमध्ये ९ व्होल्टची बॅटरी घातली, डिले तेवढा बाहेर ठेवला. शांतता! अशी शांतता की ॲम्प बंद पडला असं वाटलं. ही चाचणी पहिल्या दिवशी केली असती तर तीन आठवडे वाचले असते.

म्हणजे प्रत्येक पेडलला वेगळी, एकमेकींशी संबंध नसलेली लाइन हवी. तयार आयसोलेटेड सप्लाय मिळतात, पण किंमत बघितली आणि पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, तपकीर गल्ली, गाठली. ०-१२ व्होल्ट, ५०० मिलिॲम्पिअरचे पाच छोटे ट्रान्सफॉर्मर घेतले. प्रत्येकाला ब्रिज (एसीचं डीसी करणारा), १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८०९ (९ व्होल्टचा रेग्युलेटर). सॅन्सॲम्पसाठी ट्रान्सफॉर्मर घेतला नाही, कारण ते मिक्सरच्या फँटम पॉवरवरही (मिक्सरच्या केबलमधूनच येणाऱ्या विजेवर) चालतं आणि घरी बॅटरीवर.

हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट एसी सरळ करून साठवले की साडेपंधराच्या आसपास डीसी मिळतं, त्यातले ९ पेडलला, बाकीचे साडेसहा ७८०९च्या अंगात उष्णता होऊन बसतात. ट्यूनर आणि ॲनालॉग पेडल्स इतकी कमी वीज खातात की त्याला पत्ताही लागत नाही. डिले ३०० मिलिॲम्पिअर मागतो, म्हणजे जवळपास दोन वॉट. हीटसिंक न लावता त्या लाइनच्या ७८०९ला बोट लावलं आणि बोट लगेच काढलं. आता ॲल्युमिनियमची पट्टी लावली आहे.

ज्यांना ही उठाठेव करायची आहे त्यांच्यासाठी: २३० व्होल्टच्या बाजूला फ्यूज, पत्र्याची पेटी, पेटीला हिरवी अर्थ वायर स्क्रूने घट्ट, आणि झाकण बसल्याशिवाय प्लग लावायचा नाही. हे जमत नसेल तर तयार सप्लाय घ्या, त्यात कमीपणा नाही. डीसीच्या पिना २.१ मिलीच्या, मध्ये मायनस. पेडलला लावण्याआधी प्रत्येक पिन मीटरवर तपासली. पाचातली एक उलटी निघाली, अर्थात मीच जोडलेली.

पेटी फळीच्या खाली बसवली, कारण तिथे जागा होती. सुरू केली. पांढरी पाच पुन्हा हजर.

यावेळी निदान लवकर झालं. बास घेऊन बोर्डापासून दोन पावलं मागे गेलो की आवाज कमी, खाली वाकलो की वाढतो, जागेवरच गिरकी घेतली की एका दिशेला जवळपास नाहीसा. पाच ट्रान्सफॉर्मर बुडाशी बसून चुंबकीय क्षेत्र सोडत होते आणि पिकअप ते गोळा करत होते. वायरिंगमध्ये दोष नव्हता, जागा चुकली होती. पेटी बोर्डाबाहेर काढली. आता ती ॲम्पजवळ जमिनीवर असते आणि तिथून दीड मीटरच्या पाच वायरी एका जाळीदार नळीतून बोर्डाकडे येतात. पाचही जोड्या वेगळ्याच ठेवल्या. मायनस एकत्र केले की केलेलं सगळं पाण्यात.

आवाज गेला. आणि ओसी-२ आजारी पडलं.

दिवा मिणमिणता, खालचा सप्तक चिरका. तोच पेडल माळेवर महिनाभर उत्तम चालत होता. ७८०९ बदलला, पिन बदलली, शेवटी पेडल उलटं करून ते जपलेलं लेबल वाचलं. एसीए, म्हणजे लागणाऱ्या ॲडॅप्टरचा जुना प्रकार. बॉसच्या जुन्या पेडल्सना १२ व्होल्टचा रेग्युलेटर नसलेला ॲडॅप्टर लागायचा, म्हणून त्यांच्या आत मायनसच्या वाटेवर एक रेझिस्टर आणि डायोड असतो. नेमके ९ व्होल्ट दिले की त्यातले काही तिथेच खर्च होतात आणि सर्किट उपाशी राहतं. माळेवर असताना मायनसला दुसरी वाट होती: पॅच केबलच्या बाहेरच्या जाळीवरून शेजारच्या पेडलमध्ये आणि तिथून थेट ॲडॅप्टरला. रेझिस्टर वळसा घालून टाळला जात होता. मी प्रत्येकाला वेगळं केलं आणि ती चोरवाट बंद झाली.

तेव्हा त्या एका लाइनवर ७८०९ काढून १२ व्होल्टचा ७८१२ टाकला. दिवा लख्ख, आवाज पूर्वीसारखा जाड. त्या पिनेवर लाल टेप गुंडाळली आहे आणि वायर मुद्दाम आखूड ठेवली आहे, म्हणजे ती ओसी-२पलीकडे पोचतच नाही. १२ व्होल्ट चुकून डिलेला गेले तर रडायची पाळी.

रविवारी पहिल्यांदा बोर्ड बाहेर नेला. सरावाची जागा जुनी आहे. तिथे तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थच्या भोकाला काही जोडलेलं नाही, हे मीटर लावल्यावर कळलं. माझी पेटी तिथे लावलीच नाही. हॉलच्या पुढच्या भागात नवं वायरिंग आहे, तिथून एक्स्टेन्शन ओढलं. ॲम्प आणि मिक्सर दोघांना जोडल्यावर पुन्हा तीच गुणगुण, म्हणजे यावेळी अर्थचा फेरा (ग्राउंड लूप, दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याने येणारी गुणगुण). सॅन्सॲम्पमधून मिक्सरला जाणाऱ्या लाइनमध्ये ग्राउंड लिफ्टचा (लाइनचा अर्थ तोडणारा) खटका असलेला वेगळा डीआय बॉक्स मध्ये घातला, खटका दाबला, थांबली. कोणी प्लगची अर्थ पिन कापायला सांगितलं तर ऐकू नका. आमच्या कीबोर्डवाल्याने सांगितलं होतं.

पहिलंच गाणं जीमध्ये होतं. शेवटचा स्वर लांबवला, लाट आली नाही. मग ड्रमवाला म्हणाला, बास जरा कमी कर.

राहिलेली कामं: कॉम्प्रेसर आणि ओडीबीमधली पॅच केबल हलवली की खरखरते, बहुतेक माझाच कच्चा सोल्डर. आणि पेटीला उचलायला मूठ हवी, बोहरी आळीत बघतो.