३१ मॅच हरून चॅम्पियन झालेली कॉलेज टीम

४७ जिंकल्या, ३१ हरल्या. असं रेकॉर्ड असलेली टीम अमेरिकेची कॉलेज बेसबॉल चॅम्पियन झाली म्हटलं की आमच्या ग्राउंडवरची पोरं आधी हसतातच, सर काहीतरीच सांगताय म्हणतात. पण खरंय ते. २००८ साल, टीम फ्रेस्नो स्टेट. मी इथं सोलापुरात सकाळी कॉलेजच्या पोरांची बेसबॉलची प्रॅक्टिस घेतो आणि सीझन सुरू व्हायच्या आधी ही गोष्ट सांगतोच सांगतो, यावेळी म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

आधी फ्रेस्नो कुठंय ते सांगतो, कारण आपल्या माणसाला ते गाव लगेच समजतं. कॅलिफोर्निया म्हटलं की आपल्याला समुद्र आणि सिनेमावाले आठवतात, फ्रेस्नो तसलं काही नाही, आत मधल्या खोऱ्यात आहे, सगळी शेती, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, आणि मनुक्याचं तर ते अमेरिकेतलं मुख्य ठिकाण. म्हणजे पंढरपूरकडचा बेदाणा करणारा शेतकरी तिथं उतरला तर त्याला परकं वाटणार नाही. मोठ्या शहरातली लोकं अशा गावाकडं जरा वरूनच बघतात, ते इथं पण आहे आणि तिथं पण.

तर त्या सीझनची सुरुवात बेकार झाली. पहिल्या २० मॅचमध्ये ८ जिंकल्या, १२ हरल्या. माईक बेटसोल कोच होते. कॉलेज बेसबॉलला सीझन लय लांब असतो, फेब्रुवारीत सुरू होतो तो जूनपर्यंत, त्यामुळं सावरायला वेळ मिळतो आणि ते सावरले पण, आपल्या कॉन्फरन्समध्ये (काही कॉलेजांनी मिळून केलेली लीग) वर आले. आणि नेमकं सगळं जुळून येतंय म्हणेपर्यंत त्यांचा एक नंबरचा पिचर (बॉल टाकणारा) टॅनर शेपर्स खांद्याच्या दुखापतीनं बाहेर. ज्यांनी बेसबॉल खेळलंय त्यांनाच कळेल याचा अर्थ काय. क्रिकेटमध्ये मेन बॉलर गेला तर बाकीचे चार जण ओव्हर्स वाटून घेतात, बेसबॉलमध्ये पहिला पिचर म्हणजे ती अख्खी मॅच त्याची, तो ज्या दिवशी टाकणार तो दिवस आपला असं धरून बाकीचं गणित मांडलेलं असतं. ते गणितच गेलं. तरी कॉन्फरन्सची टूर्नामेंट जिंकून त्यांनी नॅशनलला थेट एंट्री मिळवली.

नॅशनलचं स्ट्रक्चर समजून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. ६४ टीम, चार-चारचे १६ ग्रुप, प्रत्येक ग्रुप एका ठिकाणी, त्यातल्या टीमना १ ते ४ नंबर दिलेले, फ्रेस्नोला नंबर ४, म्हणजे कमिटीच्या मते ग्रुपमधली सगळ्यात कच्ची टीम. ग्रुपमध्ये डबल एलिमिनेशन, दोनदा हरलं तरच बाहेर. ग्रुप जिंकलेल्या १६ टीमची आपसात बेस्ट ऑफ थ्री, त्यातून ८ टीम ओमाहाला. ओमाहा म्हणजे नेब्रास्का राज्यातलं गाव, १९५० पासून कॉलेज वर्ल्ड सिरीज तिथंच होते, तेव्हा रोझेनब्लॅट नावाचं स्टेडियम होतं. तिथं परत चार-चारचे दोन ग्रुप, परत डबल एलिमिनेशन, आणि शेवटी दोन टीमची बेस्ट ऑफ थ्री फायनल.

लाँग बीचचा ग्रुप त्यांनी यजमानांच्याच ग्राउंडवर जिंकला. मग ॲरिझोनातल्या टेंपेला ॲरिझोना स्टेट, देशातली ३ नंबरची सीड (ग्रुपमधले नंबर वेगळे, त्याशिवाय कमिटी तेव्हा देशातल्या सगळ्यात भारी आठ टीमना १ ते ८ सीड द्यायची), तिथं पहिली मॅच १२-४ नं हरले. पुढच्या दोन्ही जिंकल्या, ८-६ आणि १२-९. ओमाहाला पहिलीच मॅच राईसशी, सीड ६, तिला १७-५ नं झोपवली. नॉर्थ कॅरोलिना सीड २, तिला एकदा हरवलं, मग एकदा एका रननं हरले, मग परत ६-१ नं हरवलं. फायनलला जॉर्जिया, सीड ८. गंमत म्हणजे दोघांचंही नाव बुलडॉग्जच, त्यामुळं कप बुलडॉगलाच जाणार हे आधीच पक्कं होतं.

फायनलची पहिली मॅच फ्रेस्नो ७-६ नं हरली. दुसरीत जॉर्जिया ५-० नं पुढं. इथं कुठलीही टीम मान टाकेल. एक मॅच गेली, दुसरीत पाच रन मागं, एक नंबरचा पिचर केव्हाचाच बाहेर. आणि ती मॅच फ्रेस्नोनं १९-१० नं जिंकली. मी स्कोअरशीट लिहिणारा माणूस आहे, १९ रन लिहायचे म्हणजे कागदावर त्या इनिंगचे चौकोन कसे भरून जातात, पोरं एकामागोमाग येतात आणि पेन्सिल थांबतच नाही, ते मला डोळ्यासमोर दिसतं.

तिसरी मॅच २५ जून २००८. त्यातल्या दोन पोरांबद्दल जरा सविस्तर सांगतो.

एक स्टीव्ह डेटवायलर, राइट फिल्डर. सीझन चालू असतानाच त्याच्या अंगठ्याचा लिगामेंट फाटलेला, तसाच खेळत होता. पेपरात हे एका ओळीत येतं, पण बॅट हातात घेऊन बघा. बॉल बॅटच्या बरोबर मधे नाही बसला, मुठीजवळ लागला, तर झणका सरळ अंगठ्याच्या मुळात येतो, थंडीच्या सकाळी तर चांगल्या अंगठ्याला पण बोटं झटकत बसावं लागतं. फाटलेल्या लिगामेंटवर तो झणका प्रत्येक स्विंगला. आणि त्या पोरानं फायनलला ४ पैकी ४ हिट मारल्या, त्यात २ होम रन (क्रिकेटच्या सिक्ससारखा फटका), फ्रेस्नोचे त्या मॅचचे सहाच्या सहा रन याच्याच बॅटवर आले. स्कोअर ६-१. आणि शेवटचा आऊट? राइट फिल्डला उंच कॅच, घेतला कुणी तर यानंच. असं कुणी रचून सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं जास्त होतंय.

दुसरा जस्टिन विल्सन, डावखुरा पिचर. फक्त तीन दिवसांच्या विश्रांतीवर उतरला आणि ९ पैकी ८ इनिंग टाकल्या, १२९ पिच (म्हणजे बॉल), रन दिला एक. पुढं तो मेजर लीगला बरीच वर्षं खेळला. आता हे सांगताना माझ्या पोरांना मी नेहमी बजावतो की हे करायचं नाही. १९-२० वर्षांच्या पोराचा खांदा आणि कोपर म्हणजे रबर नव्हे, माझ्या हातात असतं तर मी त्याला १०० च्या आसपास काढलं असतं, फायनल असो नाहीतर काही असो. त्याचं निभावलं याचा मला मनापासून आनंद आहे पण हे मत मी बदलणार नाही.

आणि टॉमी मेंडोंका राहिलाच! थर्ड बेसवाला. त्या सीझनला तो ९९ वेळा स्ट्राइकआउट झाला (म्हणजे तीन संधीत बॉल नीट मारता न येऊन आऊट), कॉलेज बेसबॉलचा तो रेकॉर्ड होता, म्हणजे नको असलेला रेकॉर्ड. तोच ओमाहाला ४ होम रन मारून आणि थर्ड बेसवर जबरदस्त फिल्डिंग करून सिरीजचा बेस्ट प्लेअर ठरला. आमच्याकडं एखादा पोरगा ओळीनं तीनदा स्ट्राइकआउट झाला की मागून कुणीतरी ओरडतंच, आता तरी जपून खेळ बे. मग तो पोरगा बॅट अर्धवट फिरवायला लागतो आणि कुठलाच राहत नाही. मेंडोंकाला बेटसोल सरांनी ९९ वेळा आऊट होऊन पण खेळवत ठेवलं, त्याचा पूर्ण स्विंग टिकू दिला, कोच म्हणून मला या अख्ख्या सीझनमधली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

ग्रुपमध्ये इतका खालचा नंबर मिळालेली टीम त्याआधी कधीच जिंकली नव्हती, म्हणून तिकडं सगळे चमत्कार चमत्कार म्हणत होते. मला तो शब्द पटत नाही. चमत्कार एका मॅचमध्ये होतो. सीड ३, सीड ६, सीड २, सीड ८ अशा चार टीम ओळीनं चमत्कारानं हरत नाहीत. टेंपेपासून फायनलपर्यंत पाच मॅच अशा होत्या की हरलं की घरी, पाचही जिंकल्या. त्या टीममध्ये दम आधीपासूनच होता, त्यांना तो दाखवायला पुरेशा मॅच मिळाल्या एवढंच. साधा नॉकआउट असता तर टेंपेच्या पहिल्या मॅचलाच १२-४ नं विषय संपला असता, ना डेटवायलर कुणाला माहीत झाला असता ना मेंडोंका.

(मुलींसाठी एक सांगायचं राहिलं. आपल्याकडं बऱ्याच मुली सॉफ्टबॉल खेळतात, तर याच फ्रेस्नो स्टेटच्या मुलींनी १९९८ लाच सॉफ्टबॉलची नॅशनल जिंकली होती, मुलांच्या १० वर्षं आधी. हे ऐकल्यावर आमच्या ग्राउंडवरच्या मुलींचे चेहरे बघण्यासारखे असतात.)

आता आपल्याबद्दल. आपल्या पोरांकडं काय नाही हे मला पाठ आहे. पिचरचा माउंड १० इंच उंच लागतो, आम्ही सपाट मुरमावरून टाकतो, त्यामुळं बाहेर खऱ्या माउंडवर गेलं की पहिल्या इनिंगला बॉल सगळे खालीच जातात. पिचिंगचं अंतर साठ फूट सहा इंच, ते टेप लावून फक्कीनं आखतो. मुरमावर घासून बॉलचे टाके सुटतात, मग तो बॉल नुसत्या बॅटिंग प्रॅक्टिसला ठेवायचा. ग्लोव्ह्ज दोघांत एक. तरी पोरं पहाटे येतात, मेच्या उन्हात पण येतात, सात रस्त्यावरून सायकल मारत येणारा एक जण तर सगळ्यांच्या आधी येऊन बेस मांडून ठेवतो. हे सगळं हळूहळू जमेल.

पण एक गोष्ट आत्ता जमण्यासारखी आहे. इंटर कॉलेज बेसबॉल बहुतेक ठिकाणी नॉकआउट असते. पोरं वर्षभर राबतात, एक इनिंग बिघडली की दुपारी परतीची एसटी. चार टीम असतील तर डबल एलिमिनेशन ६ मॅचमध्ये होतं, फार तर ७. एक ग्राउंड, दिवसाला दोन मॅच सकाळच्या, दोन संध्याकाळच्या धरल्या तर दोन दिवसांत संपतं. साध्या नॉकआउटला ३ मॅच लागतात, म्हणजे जास्तीत जास्त चारच मॅच वाढतात. खर्च वाढतो तो अंपायरचा आणि एक दिवसाच्या जेवणाचा. जिल्ह्यातल्या ज्या कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना हे करून बघायचंय त्यांनी मला सांगा, अगदी मैत्रीपूर्ण टूर्नामेंट म्हणून का होईना, दिवाळीच्या सुट्टीनंतर घेऊ. ड्रॉ मी काढून देतो, स्कोअरशीट मी लिहितो, बेस आणि फक्की आमच्याकडनं.