पांडवलेणी ते गोदाघाट: सेन्सर, स्कोप आणि दुतोंड्या मारुती

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यासमोर साधी ५० एमएमची लेन्स तोकडी पडते. ओसरीला सहा खांब, त्यांच्याखाली सगळा भार खांद्यावर घेतलेले यक्ष, आणि मागे सरकायला जागा बेताची. सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख याच लेण्यात, त्यामुळे माणसांची दाटीही इथेच. ही आख्खी ओसरी एका फ्रेममध्ये बसवायची म्हणून मी आणि माझा नाशिकचा मावसभाऊ ॲनामॉर्फिक लेन्स (रुंद दृश्य आडवं दाबून सेन्सरवर बसवणारी, नंतर ते ताणून सरळ करायचं) घेऊन सकाळीच पायऱ्या चढलो होतो.

माझ्याकडे मधल्या आकाराच्या, एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा आणि ५० एमएमची, १.३३ पट दाबणारी तयार ॲनामॉर्फिक. भावाकडे त्याहून लहान, मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर. साध्या ५० एमएमच्या पुढे त्याने बंद पडलेल्या टॉकीजच्या भंगारातून मिळवलेलं प्रोजेक्टरचं २ पटीचं स्कोप (रुंद पडद्याच्या सिनेमाचं ॲनामॉर्फिक) भिंग क्लॅम्पने आवळलेलं. तांब्याएवढं धूड! पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तिवई लावता येत नाही, म्हणून ते हातातच. आधी मागच्या लेन्सचा फोकस, मग पुढच्या भिंगाचा. तेवढ्यात समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

दोन्ही स्क्रीन शेजारी धरल्या तर त्याच्या चित्रात सहाही खांब, माझ्यात टोकाचे कापलेले.

“दादा, सेन्सर तुझा मोठा ना? मग असं कसं?”

तिथेच कट्ट्यावर बसून हिशोब मांडला. ॲनामॉर्फिक भिंग फक्त आडवी बाजू दाबतं, उभीला हात लावत नाही. म्हणून सेन्सरच्या रुंदीला पटीने गुणायचं आणि मग फोकल लेन्थकडे, म्हणजे लेन्सवरच्या एमएमच्या आकड्याकडे, बघायचं. माझा सेन्सर २३.५ मिमी रुंद, १.३३ ने गुणला की ३१ च्या आसपास. ५० एमएमवर आडवा आवाका सुमारे ३५ अंश. त्याचा सेन्सर जेमतेम १७.३ मिमी, पण दुप्पट केला की ३४.६, म्हणजे ३८ अंश. फुल फ्रेमवर, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरवर, साध्या ५० ला जेमतेम ४० मिळतात. माझीच लेन्स त्याच्या कॅमेऱ्याला लावली असती तर मात्र २६ अंशांवर आली असती, एपीएस-सीवर साधी ५० दाखवते तेवढीच. त्यामुळे ‘ही लेन्स किती रुंद दाखवते?’ या प्रश्नाला सेन्सर सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

“मग फुल फ्रेम घेतला तर हेच भिंग आणखी रुंद दाखवेल?” नाही ना! ५० ला कोपरे काळे पडतात. मागे ८५-१०० एमएमची लेन्स लावावी लागते, आणि १०० ला पुन्हा तेच ४० अंश. भिंगाच्या नळीतून जेवढं दिसतं तेवढंच दिसणार. मोठ्या सेन्सरचे फायदे आहेत, पण अशा जुन्या भिंगासाठी तो घेऊ नये असं माझं मत. त्यापेक्षा ४:३ मध्ये, पूर्ण उंचीवर शूट करणारा कॅमेरा बघावा. १६:९ मध्ये दुप्पट ताणलं तर ३.५६:१ ची पट्टी होते आणि दोन्ही कडा कापून टाकाव्या लागतात. ४:३ वर २.६६:१ मिळतं, त्यातून स्कोपचं २.३९ सहज निघतं.

डोंगराच्या पायथ्याशीच फाळके स्मारक. दादासाहेब १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला, तोही जवळपास याच ४:३ चौकटीत. पुढे १९५३ मध्ये सिनेमास्कोप आलं तेव्हा रुंद चित्र दाबून बसवलं ते त्याच ३५ एमएमच्या फिल्मवर. आमच्या भंगारातल्या भिंगाचं घराणं हेच. स्मारकात मात्र फार रेंगाळलो नाही, ऊन चढलं होतं. मिसळ खाल्ली आणि दुपार झोपेत घालवली.

संध्याकाळी गोदाघाट. ॲनामॉर्फिकमध्ये दिव्यांतून निघणाऱ्या लांब आडव्या रेघा हव्या होत्या, त्या रामकुंडावर हव्या तेवढ्या मिळाल्या. अडलं ते दुतोंड्या मारुतीपाशी. पुराचं पाणी कुठवर चढलं हे नाशिककर याच मारुतीच्या पायावरून, कमरेवरून, छातीवरून सांगतात, तेव्हा त्याला डोक्यापासून पायापर्यंत घ्यायलाच हवं. पण इथे उंची हवी, आणि उंचीत ५० एमएम ही ५० एमएमच राहते. डावी-उजवीकडे निम्मा घाट दिसतोय आणि मारुतीचे पाय गायब! मागे सरकावं तर पाण्यात.

भावाने क्लॅम्प सैल केला आणि पुढचं भिंग ९० अंशांत फिरवलं. आता दाबली जाते ती उभी बाजू. १७.३ बाय १३ च्या सेन्सरवर १३ चे झाले २६, म्हणजे मोबाइलवर उभं बघायला २:३ ची फ्रेम तयार. रेघाही उभ्या झाल्या, त्या मला फारशा आवडल्या नाहीत. पण मारुती पूर्ण आला, फक्त स्क्रीनवर बुटका आणि आडवा पसरलेला. शेजारच्या फुलवाल्या मावशींनी वाकून पाहिलं.

“अगं बाई, मारुतीरायाला एवढं जाड कुणी केलं?”

“मावशी, घरी गेल्यावर ताणून सरळ करतो.”

“करा बाबा लवकर,” म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.