बायोडाटा ग्रुपवर टाकण्याआधी

सोलापुरात स्थळ बघणं हे घरापुरतं काम नाही. आत्या, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्यांचा त्यात हात असतो, आणि त्यात वाईट काहीच नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत काय किंवा बाळीवेशीत काय, मुलीची माहिती चार माणसांत फिरणं म्हणजे आपुलकीच. पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये 1024 जण मावतात, आणि प्रत्येकाला तुमचा नंबर दिसू शकतो. ती चार माणसं नव्हेत.

बायोडाट्यात जन्मतारीख, जन्मवेळ, वडिलांचं नाव, घरचा पत्ता, मोबाईल असं सगळं एका पानावर असतं. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या भामट्याला एवढं पुरतं. म्हणून दोन पानं करा. ग्रुपसाठीच्या पानावर शिक्षण, नोकरी, उंची, गाव आणि वडीलधाऱ्यांचा एकच नंबर ठेवा. जन्मवेळ नि पत्ता पत्रिका जुळवताना थेट समोरच्या घरी द्या. फोटो ‘व्ह्यू वन्स’ने, म्हणजे एकदाच उघडेल असा, पाठवला तर सेव्ह होत नाही, पण दुसऱ्या मोबाईलने त्याचा फोटो काढता येतोच. पाठवलेलं सगळ्यांच्या मोबाईलवरून पुसणारं ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ पाठवल्यापासून साधारण अडीच दिवसच चालतं. तोवर पुढं गेलेली प्रत मात्र तशीच राहते.

आधार मागितलं तर मास्क्ड प्रत द्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स इथं ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडलं की अनोळखी माणूस परस्पर ग्रुपमध्ये ओढत नाही.

आणि हो, मुलीला विचारून मगच पाठवा. हे सगळ्यात आधी.