पट्टायाचं बॉइझटाउन विसरा, थेट जोमटिएनला उतरा

बॉइझटाउनजवळ, म्हणजे थायलंडमधल्या पट्टायाच्या जुन्या गे बारच्या गल्लीजवळ, हॉटेल घेऊ नका. पट्टायाला निघालेल्या गे माणसाला आजही जो तो सांगतो, की पट्टायालँडच्या सोई ३ च्या (सोई म्हणजे गल्ली) आसपास राहा, सगळं चालत अंतरावर आहे. आम्हालाही ठाण्या-पुण्याच्या मित्रांनी हेच सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी पाहिलेलं बॉइझटाउन २०१९ च्या आधीचं होतं. ती गल्ली आता तशी राहिलेली नाही, आणि हे कुणीतरी मराठीत स्पष्ट लिहून ठेवायला हवं, म्हणून हा वृत्तांत.

भर हंगामात, शनिवारी रात्री दहा वाजता आम्ही त्या गल्लीत शिरलो. जितके बार उघडे, तितकीच शटरं खाली. बंद बारच्या पाट्या अजून तशाच टांगलेल्या, दिवे गेलेले. उघड्या बारच्या दारात होस्ट, म्हणजे गिऱ्हाइकांसोबत बसायला बारने ठेवलेले तरुण, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मोबाइल बघत होते, आणि आम्ही दिसताच सगळे एकदम उठून हाका मारू लागले. गिऱ्हाईक कमी आणि बोलावणारे जास्त असले की जी ओढाताण होते, ती इथे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होते. मधे मसाज पार्लर, गांजाचं दुकान, पुन्हा शटर. माझा जोडीदार म्हणाला, "अरे, आपण बरोबर गल्लीत आलोय ना?" बरोबरच आलो होतो.

हे असं का झालं, ते तिथल्याच जुन्या लोकांकडून कळलं. मार्च २०२० मध्ये थायलंडचे बार बंद झाले, मधे काही महिने उघडले, पुन्हा बंद झाले, आणि नंतर रीतसर उघडायची परवानगी थेट जून २०२२ मध्ये मिळाली. एवढा काळ गिऱ्हाईक नसताना भाडं भरणं लहान बारमालकांना झेपणारं नव्हतं. त्यात बरेच मालक उतारवयातले युरोपीय. काहींनी धंदा आवरला, काही मायदेशी गेले. शिवाय ओळखी आता ग्राइंडर-हॉर्नेटसारख्या गे डेटिंग अ‍ॅपवर होतात, त्यासाठी बारमध्ये बसायची गरज उरलेली नाही. सुनी प्लाझा या पट्टायातल्या दुसऱ्या गे बारच्या वस्तीला तर उतरती कळा त्याच्याही आधी लागली होती. तिकडे रात्री मुद्दाम जाऊ नका, बघण्यासारखं काही नाही.

आता बिलाची गोष्ट. ही मी सविस्तर सांगणार आहे, कारण आमच्या सगळ्या सहलीत हीच एक रात्र कडू झाली.

त्या भागातल्याच एका शो-बारमध्ये शिरलो. दारावरच्या माणसाने सांगितलं, ड्रिंक ३५० बाथ, शो त्यातच. मेन्यूवरही तेच छापलेलं. बसलो, दोन ड्रिंक्स मागवली. दिवे मंद झाले, शो सुरू झाला, आणि काही मिनिटांत आमच्या बाजूला दोन होस्ट, एक कॅप्टन (वेटरांचा प्रमुख) आणि बारची मामासान (होस्टवर देखरेख करणारी) अशी सगळी मंडळी येऊन बसली. आम्ही एका होस्टला ड्रिंक देऊ केलं, ३३० बाथ, विचारून. बाकीचे "मी पण एक?" म्हणत राहिले आणि आम्ही "नको" म्हणत राहिलो. शो संपल्यावर बिल आलं २,६८० बाथ. बाथचा भाव तेव्हा पावणेतीन रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सात हजारांच्या वर रुपये. आमचा हिशोब होता १,०३० बाथचा.

तिथे प्रत्येक ड्रिंकची एक चिठ्ठी होते आणि ती टेबलावरच्या लहान नळकांड्यात खोचून ठेवतात. शेवटी बिल मागताना थाई लोक 'चेक बिन' म्हणतात, तसंच म्हणायचं आणि सगळ्या चिठ्ठ्या बाहेर काढून टेबलावर मांडायच्या. आम्ही मांडल्या. आमच्या तीन ड्रिंक्सच्या खेरीज पाच चिठ्ठ्या निघाल्या, सगळ्या होस्ट ड्रिंकच्या, अंधारात खोचलेल्या. जोडीदार शांतपणे एकेक चिठ्ठी उचलून विचारत गेला, "हे कुणी प्यायलं? कुठल्या ग्लासात?" ग्लास एवढे नव्हतेच टेबलावर. पंधरा-वीस मिनिटं घासाघीस झाली. मी टूरिस्ट पोलिसांचा ११५५ हा नंबर मोबाइलवर लावायला घेतला, तेव्हा कुठे चार चिठ्ठ्या फाडल्या गेल्या. मामासानची एक मात्र त्यांनी सोडली नाही. १,३६० बाथ देऊन बाहेर पडलो. पैसे तितकेसे गेले नाहीत, पण रात्र गेली.

यातून पुढच्यांनी काय करावं ते सांगतो. प्रत्येक चिठ्ठी नळकांड्यात पडली की लगेच काढून वाचा, मोबाइलचा टॉर्च लावून वाचा, त्यात कुणाचा अपमान होत नाही, थाई गिऱ्हाईकंही वाचतात. कुणी बाजूला येऊन बसलं म्हणजे त्याला ड्रिंक द्यायलाच हवं असं नाही. आणि मान हलवू नका! "ऐकतोय" म्हणून मान डोलावायची आपल्याकडे पद्धत आहे. अशा ठिकाणी त्याचा अर्थ होकार धरला जातो आणि चिठ्ठी तयार होते. तोंडाने "नो, थँक यू" म्हणा, हात आडवा करा, बस. आवाज चढवायचा नाही. थायलंडमध्ये जो आधी ओरडला त्याची बाजू तिथेच पडते. हसत, पण हलायचं नाही.

बारला ठरावीक रक्कम, म्हणजे ऑफ फी, देऊन होस्टला बारबाहेर नेण्याबद्दल विचारणारे असतात. तो व्यवहार १९९६ च्या वेश्याव्यवसायविरोधी कायद्याने तिथे बेकायदाच आहे, सगळीकडे चालतो तरीही. आम्ही त्या वाटेला गेलो नाही, त्यामुळे त्याचे भाव मला विचारू नका.

बाहेर पडलो तर एक वाजलेला. जोमटिएन हा पट्टायाच्या दक्षिणेला लागून असलेला किनाऱ्याचा भाग. तिकडे जावं म्हटलं, तर सेकंड रोडवर उभ्या असलेल्या रिकाम्या सोंगथेवच्या चालकाने ३०० बाथ सांगितले. सोंगथेव म्हणजे मागे समोरासमोर बाकं असलेली ती निळी गाडी, पट्टायाचं शेअर वाहन. उभ्या रिकाम्या गाडीवाल्याला "किती?" असं विचारलं की ती तुमची खाजगी टॅक्सी झाली आणि भाव त्याचा. चालत्या गाडीला हात करायचा, न विचारता चढायचं, उतरायचं असेल तिथे घंटी दाबायची आणि उतरून सुटे पैसे हातात द्यायचे. शेअरचं भाडं १० बाथ, कधी २० घेतात. जोमटिएनच्या गाड्या साउथ पट्टाया रोड आणि सेकंड रोडच्या कोपऱ्यावर, वाट चायमोंगकॉन देवळापाशी भरतात. रात्री उशिरा त्या कमी होतात, मग सरळ अ‍ॅपवरून बोल्ट किंवा ग्रॅबची टॅक्सी मागवा. पण मुळात ही यातायात करावी लागते ती चुकीच्या जागी राहिल्यामुळे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पट्टायातलं हॉटेल सोडलं आणि जोमटिएन कॉम्प्लेक्सच्या मागे खोली घेतली. तिथून पुढे सगळंच बदललं.

जोमटिएन कॉम्प्लेक्स थाप्राया रोडवर आहे. एका मोठ्या कॉन्डो इमारतीच्या पायथ्याच्या गल्ल्या, दोन्ही बाजूंना उघडे बार, खुर्च्या गल्लीकडे तोंड करून मांडलेल्या. काळ्या काचेची दारं नाहीत, आत काय असेल ही धास्ती नाही. बिअर आम्हाला ९० ते १२० बाथला मिळाली. चिठ्ठ्या तिथेही आहेत, पण त्या बरोबर होत्या, रोज. दहाच्या सुमाराला एखाद्या बारसमोर ड्रॅग शो (स्त्रीवेशातल्या कलाकारांचा) होतो, तो पलीकडच्या बारमधूनही दिसतो आणि त्याचे कुणी वेगळे पैसे मागत नाही. पट्टायातली गे रात्र बघायची असेल तर ती आता इथे आहे. दुसरं काही शोधत बसू नका.

एक गोष्ट मात्र आधी सांगितलेली बरी. इथलं गिऱ्हाईक वयाने मोठं आहे. आसपास राहणारे निवृत्त युरोपीय, त्यांचे थाई जोडीदार, आमच्यासारख्या चाळिशीतल्या जोड्या. तुम्ही पंचविशीत असाल आणि पहाटेपर्यंत नाचायचं असेल, तर दोन रात्रींत कंटाळाल. तुम्ही बँकॉकमध्येच राहा, सीलोमच्या सोई २ आणि सोई ४ ला. तरुण गर्दी तिकडेच वळली आहे.

आम्हाला मात्र ही गल्ली मनापासून आवडली. आम्ही दोघं हातात हात घालून थाप्राया रोडवरून खोलीवर जायचो, रस्त्यावर ग्रिल्ड चिकनच्या गाड्या, सेव्हन-इलेव्हनसमोर उभी असलेली कुटुंबं, आणि एकानेही मान वळवून पाहिलं नाही. एका बारमध्ये पन्नाशीचा थाई आचारी आणि त्याचा डच जोडीदार भेटले. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून विवाह समतेचा कायदा लागू झाला, दक्षिण-पूर्व आशियात पहिल्यांदा. या दोघांनी बांगलामुंगच्या जिल्हा कचेरीत लग्नाची नोंद केली होती. आचाऱ्याने मोबाइलवर दाखल्याचा फोटो काढून दाखवला, मग नवऱ्याचा, मग पुन्हा दाखल्याचा. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चं जोखड उतरलं, पण सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने लग्नाचा हक्क नाकारला. इतकी वर्षं एका घरात राहून बँकेच्या कागदावर नात्याच्या रकान्यात मी 'मित्र' आहे. तो दाखला बघताना आम्हाला जे वाटलं, त्यासाठीच सांगतो: जोडीदार असेल तर जोडीदाराला घेऊन जा. एकट्याने जाऊन ही गोष्ट अर्धीच कळेल.

दिवसा डोंगतान बीच. जोमटिएनच्या उत्तर टोकाला, प्रतुम्नाकच्या टेकडीखाली. वर्षानुवर्षं गे लोकांचा म्हणून ओळखला जाणारा पट्टा तिथे आहे, इंद्रधनुषी झेंडे दिसले की थांबा. छत्रीखालची आरामखुर्ची भाड्याने घ्यायची, खाणंपिणं जागेवर येतं. कोह लार्न बेटावर बोटीने जाऊन आलो, पाणी सुंदर. टिफनीज शो हा ट्रान्सजेंडर कलाकारांचा कॅबरे पाहिला, १९७४ पासून चालू आहे, बघाच. शोनंतर बाहेर उभ्या असलेल्या कलाकारांसोबत फोटो काढायचे पैसे पडतात, ते द्या, त्यांचं ते काम आहे.

भारतीय म्हणून दोन गोष्टी. बँकॉक-पट्टाया सहलींमुळे वॉकिंग स्ट्रीट या पट्टायाच्या बार-क्लबच्या रस्त्यावर मराठी सर्रास कानावर पडतं. घरी माहीत नसेल आणि कुणी ओळखीचं दिसण्याची धास्ती असेल, तर तिकडे हातात हात घालण्याआधी विचार करा. जोमटिएन कॉम्प्लेक्समध्ये आम्हाला एकही टूर ग्रुप दिसला नाही. दुसरं, काही बारमध्ये भारतीय गिऱ्हाईक म्हटल्यावर चेहरे पडतात. एका बिअरवर सहा जण बसतात, फुकट हात लावतात, अशी आपली ख्याती झाली आहे, आणि ती काही लोकांनी खरोखर कमावलेली आहे. आम्ही पहिल्याच संध्याकाळी प्रत्येकी एक ड्रिंक मागवलं, होस्टशी नीट बोललो, वीस बाथ टिप ठेवली. दुसऱ्या दिवसापासून नावाने हाक मारत होते. होस्टचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका. बरेच जण इसानमधून, म्हणजे ईशान्य थायलंडमधून, आलेले असतात, आणि पट्टायात ते काय करतात हे गावी सगळ्यांना माहीत असतंच असं नाही.

व्हेप नेऊ नका, तिथे बेकायदा आहे आणि पर्यटकांनाही पकडतात. वीस वर्षांखालच्यांना बारमध्ये प्रवेश नाही, पासपोर्टची प्रत खिशात ठेवा. १ मे २०२५ पासून विमानात चढण्याआधी डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. कंडोम आणि एचआयव्ही तपासणीसाठी पट्टायात स्विंग ही संस्था आहे, बारमध्ये काम करणाऱ्यांसाठीच सुरू झालेली.

सुवर्णभूमी विमानतळाच्या तळमजल्यावरून जोमटिएनची थेट बस मिळते, दीडशे बाथच्या आत, आणि ती थाप्राया रोडवरच संपते. टॅक्सीला त्याच्या आठ-दहा पट जातात. तुमच्या तारखांमध्ये माखा बुचा, विसाखा बुचा, आसान्हा बुचा किंवा खाओ फान्सा या बौद्ध सणांपैकी काही येतंय का, ते तिकीट काढण्याआधी बघा. मे २०२५ पर्यंत त्या दिवशी दारूविक्रीला बंदी असायची; आता परवाना असलेल्या मनोरंजनाच्या जागांना आणि हॉटेलांना सूट आहे, तरी काही बार बंद असू शकतात, आणि सण शनिवार-रविवारला जोडून आला तर सहलीवर परिणाम होऊ शकतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस जोरात असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, आणि खोली जोमटिएन कॉम्प्लेक्सपासून चालत जाता येईल अशीच घ्या, थोडी महाग पडली तरी.